खिंडीच्या आधी तिसरा मजला

३ एप्रिल, शुक्रवार

वस्तुस्थिती, क्रमाने.

एक. ताई सदुसष्ट वर्षांची आहे. दोन. गेल्या हिवाळ्यात तिला न्यूमोनिया झाला आणि ती दोन आठवडे इस्पितळात होती. तीन. रविवारी जेवण झाल्यावर, हात पुसता पुसता, तिनं जाहीर केलं की तिला खिंडीपलीकडच्या रस्त्याच्या कँपवर जायचं आहे, आणि याच उन्हाळ्यात. वडील तिथे रस्त्याचे इंजिनिअर होते. ती सहा वर्षांची होईपर्यंत तिथेच वाढली. माझा जन्म खालचा, वडिलांच्या बदलीनंतरचा. चार. ती जागा समुद्रसपाटीपासून चार हजार मीटरच्या वर आहे. पाच. आजवर तिनं त्या जागेचा विषय स्वतःहून एकदाही काढलेला नाही. सहा. मी भूलतज्ज्ञ आहे. दुसऱ्यांच्या श्वासावर लक्ष ठेवण्यात माझा जन्म गेला. तेव्हा ही जबाबदारी कुणाची, हे कुणी बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

मास्तर लगेच नकाशा घेऊन आले. भूगोल शिकवणाऱ्या नवऱ्याला मास्तर नाही तर काय म्हणायचं? निवृत्त झाले तरी खडूचा हात जात नाही. खिंडीवर बोट ठेवून म्हणाले, "इथं हवा विरळ. आपल्या डॉक्टरांचा पारा तेवढा दाट राहील."

ताई हसली. मी हसले नाही. सातवी वस्तुस्थिती मला तेव्हाच सुचली होती, आणि ती सगळ्यांत घातक आहे. आमच्या माहेरी 'दुखतंय' हा शब्द कुणी उच्चारत नाही. वडील मोडक्या अंगठ्यानिशी महिनाभर साइटवर हिंडले. आईला ताप असला की त्या दिवशी घर दोनदा झाडलं जाई, त्यावरून आम्ही ओळखायचो. ताईचा न्यूमोनिया भाचीनं ओळखला. ताई मात्र शेवटपर्यंत "जरा घसा बसलाय" यावर ठाम.

उंचीवर डोकेदुखी लपवणारा माणूस मरतो. विरळ हवेला आमच्या घरचं वळण ठाऊक नाही.

५ एप्रिल, रविवार

प्रवास कंपनीतल्या गृहस्थांची भेट. टेबलावर काच, काचेखाली बर्फाची छायाचित्रं, त्यांवर चहाच्या कपाचं वर्तुळ. त्यांची योजना: विमानानं थेट वर, दुसऱ्या दिवशी खिंड, तिसऱ्या दिवशी कँप, पाचव्या दिवशी घरी.

"आणि शरीरानं हवेची सवय कधी करून घ्यायची?"

"मॅडम, सगळे असेच जातात. पहिल्या दिवशी डोकं जड होतं, मग सेट होतात."

"जे सेट होत नाहीत, त्यांचं काय होतं?"

"त्यांना खाली आणतो."

"कशानं? ढग उतरले की विमान उडत नाही, हे तुमच्याच पत्रकात छापलेलं आहे. शेवटून दुसरी ओळ."

ते पत्रक शोधू लागले. मला खात्री आहे, ती ओळ त्यांनी आज पहिल्यांदा वाचली.

बाहेर आल्यावर मास्तर म्हणाले, "बिचाऱ्याला घाम फुटला." फुटू दे. थंड जागा विकतोय.

९ एप्रिल, गुरुवार

योजना माझीच. रस्त्यानं जायचं. पहिल्या गावात दोन मुक्काम. तीन हजार मीटरनंतर एका दिवसात झोपायची उंची पाचशे मीटरहून जास्त वाढवायची नाही. दिवसा थोडं वर जायचं, झोपायला खाली यायचं. खोल्या तळमजल्यावरच्या. गाडी आमच्याजवळ थांबणारी, सोडून परत जाणारी नव्हे. ऑक्सिजनच्या नळकांड्या गाडीत, आणि त्यांची किल्ली चालकाच्या खिशात नव्हे, माझ्या. घाट बंद झाला तर हाताशी तीन मोकळे दिवस. आणि डॉक्टर सोबत असल्याशिवाय पहिल्या गावाच्या वर कुणीही जाणार नाही. हे शेवटचं मी ठळक केलं.

आता सातव्या वस्तुस्थितीवरचा उपाय. माणसाला 'तू कशी आहेस' असं विचारायचंच नाही. विचारलं की खोटं उत्तर येतं. प्रत्येकानं दुसऱ्याबद्दल लिहायचं. रोज संध्याकाळी एक चिठ्ठी: पाहिलं ते, मत नको. सराव आजपासून, आमच्याच इमारतीच्या जिन्यावर. एखाद्याबद्दल तीन वेळा वाईट नोंद आली, तर त्यानं बाहेरच्या, नात्याबाहेरच्या डॉक्टरकडून तपासून घ्यायचं. वाद नाही.

मी ताईकडे पाहणार, ताई मास्तरांकडे.

"आणि तुझ्याकडे कोण पाहणार?" ताईनं विचारलं.

"मी डॉक्टर आहे."

"म्हणून तर विचारतेय."

"ताई, मी रोज सहा तास उभी असते."

"छोटी, नियम सगळ्यांना, नाहीतर मला पण नको." एकसष्टाव्या वर्षी मला छोटी म्हणणारी एवढी एकच उरली आहे. मास्तर म्हणाले, "मी बघतो की. नाहीतरी इतकी वर्षं दुसरं काय केलंय?"

हट्टासाठी वेळ घालवण्यात अर्थ नव्हता. होकार दिला.

१२ एप्रिल, रविवार

पहिला सराव. सहा मजले, पाठीवर माझीच जाडजूड क्रमिक पुस्तकं भरलेल्या पिशव्या. ताईची चाल संथ, पण एकसारखी. मध्ये बोलतही होती. वर पोचल्यावर ऑक्सिजनचा चिमटा बोटाला लावला: ताई चौऱ्याण्णव, मास्तर शहाण्णव, मी सत्त्याण्णव. माणसं काहीही सांगतात, आकडा सांगत नाही.

ताईची मास्तरांवरची चिठ्ठी: "पाचव्या मजल्यावर शिंकले. चौथ्यावरच्या कुत्र्याशी गप्पा मारल्या. बाकी घोडा."

मास्तरांची माझ्यावरची: "तिसऱ्या मजल्यावर थांबली. बुटाची लेस बांधली."

याला निरीक्षण म्हणत नाहीत. लाल पेनानं 'असंबद्ध' असं लिहून परत दिली.

१४ एप्रिल

मास्तरांची चिठ्ठी: "तिसऱ्या मजल्यावर लेस. पुन्हा."

१५ एप्रिल

फक्त या पानासाठी. लेस सुटली नव्हती. छातीवर कुणी सपाट हात ठेवावा तसं झालं, आणि कठड्याच्या कडा क्षणभर पुसट झाल्या. वय, बिनसवयीचं ओझं, बंद जिन्यातली कोंदट हवा. तिन्ही कारणं पुरेशी आहेत.

रुग्णानं अशी तीन कारणं एका दमात सांगितली असती, तर मी त्याला त्या दिवशी टेबलावर घेतलं नसतं.

१८ एप्रिल, शनिवार

ताईला घेऊन खरेदी. बूट आत्ताच घ्यायला हवेत. नवे बूट वर नेणं म्हणजे फोड सोबत नेणं. विक्रेता तिच्या पायात सुंदर दिसणारे बूट सरकवत होता. मी टाच दाबून पाहिली आणि ते परत ठेवायला लावले. चौथा जोड पसंत केला. झोपायच्या पिशव्यांची अस्तरं उलटी करून पाहिली. उणे दहा अंश लिहिलेली पिशवी शून्यालाच कुडकुडवते, हे त्या माणसाला पटवायला वेळ लागला.

ताईला कशाचंच काही नव्हतं. "कुठलीही घे गं."

"कुठलीही कशी? तुला त्यात झोपायचंय."

मग, स्टुलावर बसून नव्या बुटांकडे बघत, ती बोलू लागली. दौतीतली शाई गोठायची. वडील ती चुलीजवळ ठेवायचे, तेव्हा कुठे हजेरी लिहिली जाई. आईच्या हातांना भेगा, त्यांतून रक्त. तिला स्वतःला रात्री आई-वडिलांच्या मध्ये झोपवायचे, तरी पाय उबत नसत. "घर कसलं, थंडीनं बांधलेला डबा तो."

"मग जायचं कशाला?"

चष्म्यावरून तिनं माझ्याकडे पाहिलं. लहानपणी माझा गृहपाठ तपासताना पाहायची तसं. "बघायचंय एकदा," म्हणाली. आणि पुढे, "तू दुकानात सारखी बसतेस का गं?"

एकदाच बसले होते. पैसे द्यायच्या रांगेपाशी.

२१ एप्रिल, मंगळवार

मास्तरांची चिठ्ठी अशी: "लेस सुटली नव्हती. निघताना मी पाहिली होती, दुहेरी गाठ होती. तरी तिसऱ्या मजल्यावर खाली वाकली. उठायच्या आधी दोन्ही हात कठड्यावर. ओठ पांढरे."

मी विचारलं, "यातलं वैद्यकीय काय आहे?"

"पाहिलं ते लिहिलं. मत नको म्हणाली होतीस."

"थांबणं ही वाईट नोंद होत नाही. ताईसुद्धा थांबते."

"ताई थांबते तेव्हा सांगून थांबते. 'मास्तर, थांबा, म्हातारी दमली,' म्हणते. तू लेसवर ढकलतेस. लेस बोलत नाही म्हणून."

"म्हणजे मी खोटं बोलते?"

"तीन झाल्या," एवढंच म्हणाले आणि भांडी लावायला गेले. भांड्यांचा आवाज जरा जास्तच होत होता.

'वाईट नोंद' याची व्याख्या मी केली नव्हती. ही त्रुटी. आता करू लागले, तर ती माझ्या सोयीची असेल. ही दुसरी.

२३ एप्रिल, गुरुवार

प्रवास कंपनीचा फोन. गाडी आणि वरच्या भागाचे परवाने महिनाअखेरीपर्यंत पक्के करायला हवेत. खिंड उघडते त्या पंधरवड्यात खोल्या मिळत नाहीत. रुंद चाकांची गाडी आहे का, असं मी विचारलं. "तुम्ही म्हणाल ती, मॅडम." माणूस शिकतोय.

त्यानंतर भाचीचा. "मावशी, खरंच नेतेस का आईला? तिला बँकेतला एसी सोसत नाही. शाल घेऊन पासबुक भरायला जाते."

"तिची इच्छा आहे."

"तिची? अगं, मी लहान असताना तिथली गोष्ट सांग म्हणून मागे लागायचे, तर म्हणायची, थंडी होती, संपली गोष्ट. आता एकदम काय झालं?"

"वय झालं की मागचं आठवतं."

"बघ बाबा. तू आहेस म्हणून मी गप्प आहे. तू नसतीस तर दाराला कुलूप घातलं असतं."

तू आहेस म्हणून. फोन ठेवल्यावर बराच वेळ हेच वाक्य कानात.

२४ एप्रिल, शुक्रवार

सकाळची शस्त्रक्रियांची यादी लवकर संपली. औषधांच्या खोलीचं दार लावून घेतलं आणि स्वतःच्या छातीला स्टेथोस्कोप लावला. असं आपलं आपण ऐकणं अशास्त्रीय आहे, हे मी विद्यार्थ्यांना सांगत आले.

ऐकू आलं. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यामागून खरखरीत, घासल्यासारखा आवाज, मानेपर्यंत चढणारा. अरुंद झालेल्या झडपेतून रक्त ढकललं जातं तेव्हाचा. हाच आवाज मी वर्षानुवर्षं नव्या मुलांना ऐकवला. "हा चुकलात, तर रुग्ण टेबलावर जाईल." एकदा चुकलेल्या मुलीला मी सगळ्यांसमोर रडवलं होतं.

चिमटा काय सांगतो? आजही सत्त्याण्णव. त्याला हे दिसतच नाही. ते त्याचं कामच नव्हे. मी त्याच्यावर विसंबले, कारण तो मला हवं ते सांगत होता.

आता हिशेब साधा आहे. मी तपासून घेतलं, तर मी वर जात नाही. मी गेले नाही, तर माझ्याच ठळक नियमानुसार ताईही जात नाही. सदुसष्टाव्या वर्षी तिनं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःसाठी काही मागितलं, आणि ते माझ्या छातीत अडकलं आहे.

तपासलं नाही, तर? गाडी खिंडीपर्यंत जाते. चालायचं फारसं नाही. मी गाडीतच बसेन.

हे वाक्य मी लिहिलं. खोडत नाही. राहू दे.

२६ एप्रिल, रविवार

ताई आज सहाही मजले न थांबता चढली. वर पोचल्यावर गाल लाल, डोळे चमकलेले. गच्चीच्या दारातून वारा आला, तशी दोन्ही हात पसरून म्हणाली, "खिंडीत असाच असतो, फक्त याच्या अंगात सुऱ्या असतात." चिमटा पंचाण्णव. मी तिच्याबद्दलची चिठ्ठी लिहिली: उत्तम. दुसरा शब्दच नव्हता.

मी तिसऱ्या मजल्यावर थांबले. आज लेसकडे वाकले नाही. वाकून परत उठता येईल याची खात्री नव्हती.

संध्याकाळी मास्तरांची चिठ्ठी उघडली. कोरी. दोन्ही बाजूंनी.

"हे काय?"

"लिहिलं की तू लाल पेन काढतेस. म्हटलं, आज कागद वाचव."

"मास्तर, थट्टा पुरे."

"थट्टा नाही." खुर्ची ओढून समोर बसले. ते असे समोर बसत नाहीत. बोलायचं असलं की शेजारी बसतात. "मला लिहिता येईना. हात चालेना माझा. नियम तुझा आहे. एक तर तो पाळ, नाहीतर ताईंना सांग की नियम फक्त त्यांच्यासाठी होता."

"मी थांबले तर तिचं जाणं थांबतं. ते तुम्हाला कळतंय?"

"मला एवढंच कळतं, की जिन्यात मी तुझ्या एक पायरी मागे असतो. पुढे नसतो. का, ते विचार."

विचारलं नाही. कळत होतं. पडले तर धरायला.

२९ एप्रिल, बुधवार

नात्याबाहेरची, ओळखीबाहेरची हृदयरोगतज्ज्ञ. वय जेमतेम पस्तीस. कागदावर अक्षर वाईट, पण हात नेमके. तपासणीच्या अरुंद पलंगावर मी पहिल्यांदाच आडवी झाले. आजवर मी अशा पलंगाच्या डोक्याशी उभी असे. छताला ओल आहे. इतक्या रुग्णांनी ती पाहिली असेल, मला कुणी सांगितलं नाही.

"मॅडम, हे किती दिवसांपासून?"

"फारसं नाही. सराव सुरू केला तेव्हापासून."

तिनं मान वळवून मास्तरांकडे पाहिलं. ते म्हणाले, "गेल्या हिवाळ्यापासून."

मी उठून बसायला लागले. ती म्हणाली, "झोपून राहा." माझाच सूर. मी झोपून राहिले.

झडप फार आकसली आहे. शस्त्रक्रिया, आणि लांबवायची नाही. डोंगराबद्दल मीच विचारलं. तिनं पेन खाली ठेवलं. "गाडीतून वर पोचला असतात. उतरताना तुम्हाला उतरवावं लागलं असतं."

स्पष्ट बोलते. मला आवडली.

१ मे

कंपनीला रद्द केल्याचं कळवलं. ते गृहस्थ म्हणाले, "मॅडम, तुमच्या योजनेची प्रत ठेवू का? आणखी काही ज्येष्ठ मंडळी विचारतायत." ठेवा म्हटलं. शेवटून दुसरी ओळ मात्र त्यांना मोठ्या अक्षरात दाखवा.

ताईला अजून सांगितलेलं नाही. दोनदा फोन उचलला. भूल देण्यापूर्वी लोकांना मी काय काय सांगितलं आहे, कधी आवाज कापला नाही. तिला 'तुझं जाणं माझ्यामुळे बुडालं' हे सांगायला तोंड उघडत नाही.

२ मे, शनिवार

गेले. मास्तर सोबत. लिफ्टनं.

उभ्यानंच सांगितलं, क्रमानं: झडप, शस्त्रक्रिया, खिंड रद्द. माफी मागितली. मला ती मागता येत नाही, त्यामुळे वाक्य वाकडंच झालं.

ताईनं ऐकून घेतलं. मग खुर्चीला टेकली आणि डोळे मिटून म्हणाली, "सुटले बाई एकदाची."

मला कळेना.

"बस आधी. अगं, मला कशाला हवा तो डोंगर? सहा वर्षं कुडकुडले तिथं. पुरलं या जन्माला."

"मग?"

"मग काय मग. मी इस्पितळात पडले होते ना, तेव्हा तू रोज जिन्यानं वर यायचीस. दारात उभी राहायचीस. आधी श्वास गिळायचीस, मग आत येऊन मला विचारायचीस, 'ताई, धाप लागते का?' मी पडल्या पडल्या बघत होते. म्हटलं, हिला सरळ सांगितलं तर माझा एक्स-रे काढेल."

मास्तर खिडकीबाहेर पाहत होते. फार लक्षपूर्वक. बाहेर पाण्याच्या टाकीशिवाय काही नाही.

"तुम्हाला ठाऊक होतं?"

"नकाशा मी आणला, ताईंच्या सांगण्यावरून," ते टाकीला म्हणाले. "नियम आम्ही केले नाहीत हं. ते तुझे तूच केलेस."

"तू करणार, ते मला माहीत होतं," ताई म्हणाली. "दुसऱ्यासाठी नियम करायला सांगितलं की तुझ्या अंगात येतं. तुला तेवढं त्या नियमांत ओढायचं होतं. आपल्या घरी 'दुखतंय' म्हणायला एवढी उंची गाठावी लागते, छोटी."

मी तिला नालायक म्हटलं. थोरल्या बहिणीला, आयुष्यात पहिल्यांदा. ती खूश झाली.

१० मे, रविवार

उद्या शस्त्रक्रिया. भूल देणाऱ्याची पात्रता तपासली. ठीक आहे.

मास्तर दूध आणायला गेले होते. परत येऊन म्हणाले, ताई आपल्या जिन्यात भेटल्या. एकट्याच. पायात तेच बूट, पाठीवर भरलेली पिशवी. चौथ्या मजल्यावर होत्या. विचारलं, आता कशाला? तर म्हणाल्या, "सवय लागली."

बुटांच्या टाचा झिजल्यात म्हणे. आमच्या सरावानं एवढ्या झिजणार नाहीत.

मास्तरांच्या हाती ताबडतोब चिठ्ठी पाठवली. 'तुला वर जायचं होतं की नव्हतं? हो किंवा नाही. "तुझ्यासाठी केलं" हे उत्तर ग्राह्य नाही. मी शुद्धीवर येईन तेव्हा उशाशी हवं. लेखी.'